डाव्या खिडकीची रांग

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी एक गुडघा हल्ली वाकायला राजी नसतो, तेव्हा सातांवर भागवून घे.) तुझी कंबर आता कशी आहे? दाजी पथ्य पाळतात का, की डॉक्टरांचा कागद फडताळात नीट जपून ठेवणं म्हणजेच पथ्य, हा त्यांचा जुना सिद्धान्त अजून अबाधित आहे? भाची पास झाल्याचं कळलं. तिला माझे आशीर्वाद सांग, आणि मामाने तिच्यासाठी खास प्रार्थना केली होती हेही आवर्जून सांग. (नापास झाली असती तर हे सांगू नकोस असं कळवलं असतं.)

मागच्या पत्रात तू विचारलंस, की रविवारची चर्चमधली तासभर मिस्सा-प्रार्थना सोडली तर उरलेला आठवडा तुम्ही फादर लोक करता तरी काय. प्रश्न जुनाच आहे. संस्कृतची पदवी बगलेत मारून मी धर्मगुरू व्हायला सेमिनरीत निघालो तेव्हा आपल्या आईनेही हाच विचारला होता. फक्त तिच्या आवाजात काळजी होती आणि तुझ्या पत्रात चौकशी समितीचा सूर आहे. तर ऐक. सकाळच्या मिस्सेला मूठभर आज्या येतात. त्या प्रत्येक प्रार्थना माझ्या आधी संपवतात आणि मग माझी कधी संपते याची वाट बघत बसतात. त्यानंतर आजाऱ्यांच्या घरी जायचं. आजारी माणूस मला बघून उठून बसतो आणि ‘फादर, तुम्ही फार वाळलात हो’ म्हणून मलाच धीर देतो. मग लग्न ठरलेली जोडपी येतात. त्यांना संसार कसा करावा हे शिकवायचं काम आमच्या चर्चच्या पॅरिशमंडळींनी नेमकं मलाच, म्हणजे इथल्या सर्वांत अनुभवशून्य इसमाला दिलं आहे. मधल्या वेळात बाप्तिस्मे, दफनं, छपराची गळती, आणि पहिल्या ओळीत उभं कोणी राहायचं यावरून गायकवृंदात पेटलेलं वैर. हे सगळं उरकलं की शनिवारी संध्याकाळी पापनिवेदन. हे पत्र त्या शनिवारांबद्दल आहे.

आमच्या चर्चच्या मागच्या कोपऱ्यात पापनिवेदनाचं एक उभं लाकडी खोपटं आहे. मी त्याला कपाट म्हणतो, कारण आत बसलं की आपण घडी घालून ठेवलेले कपडे आहोत असं वाटतं. मधल्या कप्प्यात मी. माझ्या डाव्या हाताला जाळीची एक खिडकी, उजव्या हाताला दुसरी. लोक बाहेरून एकेका खिडकीशी येऊन गुडघे टेकतात, हळू आवाजात आपली पापं सांगतात, मी ऐकतो, चार शब्द बोलतो, प्रायश्चित्त म्हणून काही प्रार्थना नेमून देतो आणि देवाच्या नावाने क्षमा देतो. ऐकलेलं तिथेच पुरायचं हा आमचा कडक नियम. जीव गेला तरी मोडायचा नाही, तुझ्यासारखी चौकस बहीण समोर बसली तरी नाही.

आता गंमत बघ. बरेच महिने मला दिसत होतं, की डाव्या खिडकीची रांग थेट दारापर्यंत जाते आणि उजव्या खिडकीपाशी शुकशुकाट. उजवीकडे यायचे ते घाईतले, परगावचे आणि आमच्या मावशी. (मावशी म्हणजे माझ्या घराचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आणि त्या स्वयंपाकघरात बसून अख्खी पॅरिश चालवणाऱ्या बाई.) मी पडलो न्यायशास्त्र घोकलेला माणूस. कार्य दिसलं की कारणाचं अनुमान काढल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. पहिलं अनुमान: पंखा डावीकडे आहे. पंखा उजवीकडे हलवला. रांग हलली नाही, नुसती घामाघूम झाली. दुसरं अनुमान: गुडघे टेकायची डावी उशी जास्त मऊ आहे. उशांची अदलाबदल केली. त्यावर रांगेतल्या एका सद्गृहस्थांनी घरून स्वतःची उशी आणली. तिसऱ्या अनुमानाला आमच्या शास्त्रात हेत्वाभास म्हणतात आणि व्यवहारात गर्व. मला वाटलं, हृदय डावीकडे असतं. माणूस नकळत हृदयाच्या बाजूला ओढला जातो. या विषयावर मी एक प्रवचनही ठोकलं. लोक खाली माना घालून इतक्या एकाग्रतेने ऐकत होते, की मी आणखी थोडं लांबवलं.

डावीकडचे लोक फार पुटपुटतात हेही माझ्या लक्षात आलं होतं. त्याचंही अनुमान तयार होतं: लाजेने आवाज खाली जातो. सुरुवातीला ‘जरा मोठ्याने’ असं म्हणून बघितलं, पण तेवढ्याने रांगेतले पुढचे चार जण कान टवकारायचे आणि बिचारा माणूस कानकोंडा व्हायचा. मग मी ते सोडून दिलं. पुटपुट थांबली की निवेदन संपलं असं धरायचं, सगळ्यांना लागू पडेल असं काहीतरी सांगायचं (धीर धरा, घरच्यांशी गोड बोला, रोज थोडी प्रार्थना करा, यात खोटं काय आहे?) आणि सगळ्यांना सारखंच, अंगाला न लागणारं प्रायश्चित्त द्यायचं.

अशाच एका शनिवारी मौनी आला. मौनी म्हणजे चर्चसमोरच्या रस्त्यावरचा न्हावी. बायको गेल्यापासून तो बोलेनासा झाला, म्हणून लोकांनी पाडलेलं हे नाव. न्हाव्याच्या दुकानातली शांतता काय चीज असते हे तुला सांगून कळायचं नाही, ताई. नुसती कैचीची कचकच आणि मधे माणसाचा आवाज नाही. गिऱ्हाईक काही बोललं तर एक हुंकार, तोही काटकसरीने. माणसं न्हाव्याकडे काय नुसते केस कमी करायला जातात? हळूहळू सगळ्यांनी पुढच्या चौकातलं दुकान धरलं. त्याच्या बायकोचं दफन मीच केलं होतं. तेव्हापासून तो मिस्सेला यायचा, पण आत नाही. दाराच्या खांबाला टेकून उभा राहायचा आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायला लोक उठले की (मनात पाप सलत असेल तर निवेदनाआधी तो घेत नाहीत) पाय काढायचा. मी केस कापायला, दाढी करायला त्याच्याचकडे जायचो, दर वेळी म्हणायचो, ‘एखाद्या शनिवारी येऊन जा की.’ तो म्हणायचा, ‘बघू, फादर.’ कित्येकदा केस वाढायच्या आधीच मी जायचो. (माझ्या डोक्यावर कापण्याजोगं फारसं काही उरलेलं नाही असं तू म्हणशील. तोही मनात म्हणत असेल, पण बोलत नव्हता, हाच तर रोग होता.)

आणि एका शनिवारी तो खरंच आला. (हे लिहिण्यात गुप्तता मोडत नाही. तो आला हे सगळ्या रांगेने पाहिलं, आणि पुढचं त्यानेच रस्ताभर सांगितलं.) रांगेने न बोलता त्याला पुढे जाऊ दिलं. डाव्या खिडकीशी त्याने गुडघे टेकले आणि पुष्कळ वेळ बोलला. माझ्यापर्यंत बरणीत अडकलेल्या माशीसारखा आवाज पोचत होता. मधेच बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. खांदे हलताहेत एवढं जाळीतून दिसलं. अशा माणसाला ‘मोठ्याने बोला’ कोण म्हणेल? मी मान हलवत राहिलो. आवाज थांबला, तेव्हा क्षमेची प्रार्थना म्हटली.

दुसऱ्या दिवशी मौनी खांब सोडून आत आला आणि सगळ्यांबरोबर त्याने ख्रिस्तप्रसाद घेतला. आणि त्यानंतर जो बोलायला लागला तो थांबेना! मिशी कोणाला शोभते आणि कोणी ती ठेवण्याचा नाद सोडावा, बेकरीवाल्याचं मांजर कसं माजलंय, आपली बायको आपल्याला काय काय नावं ठेवायची, सगळं. बायकोचं बोलताना हसायचा. गेलेली गिऱ्हाइकं परतली. अर्धी दाढी झालेली माणसं गप्पांत तशीच साबण वाळवत बसू लागली. नाव मात्र मौनीच राहिलं. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तो न चुकता सांगायचा, ‘आमचे फादर! एकदा मधे तोंड घातलं नाही. एकदा टोकलं नाही. असं ऐकून घेणारा माणूस बघितलाय का कधी?’ हे ऐकून माझी छाती किती फुगली ते विचारू नकोस. ही कीर्ती बिशपांपर्यंत पोचली. त्यांचं पत्र आलं: नव्या धर्मगुरूंपुढे ‘ऐकण्याची कला’ या विषयावर व्याख्यान द्यावं.

पत्र घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. मावशी कांदा चिरत होत्या. मी पत्र वाचून दाखवलं. सुरी न थांबवता मावशी म्हणाल्या, ‘कुठल्या कानाने शिकवणार?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे काय? डावा गेलाय ना तुमचा. सगळ्या पॅरिशला माहीत आहे.’

‘मला नाही माहीत.’

‘आता काय करावं! मी केव्हाची सांगतेय. डावीकडून सांगत होते, तुम्ही कुठे ऐकलंत?’

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, ‘मग ती रांग?’

‘अहो, उजवीकडे कोण मरायला जाईल? तिकडे तुम्हाला ऐकू येतं!’

‘तुम्ही जाता की.’

‘मी मुद्दाम जाते. माझी निम्मी पापं तुमच्यापायी होतात. तुम्हाला कळायला नकोत?’ (यावर मला काहीही म्हणता येत नाही. नियम आहे.)

खोलीत जाऊन उजव्या कानात बोट घातलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे डावा कान केला. घड्याळ बंद पडलं. बोट काढलं. घड्याळ चालू झालं. ताई, ज्याने श्रुती आणि स्मृती यांतला भेद परीक्षेत पानंपानं लिहिला, त्याची श्रुती केव्हा गेली आणि नुसती स्मृती केव्हा उरली, हे त्याला कांदा चिरणाऱ्या बाईने सांगावं! बिशपांना नम्रपणे कळवलं, की विषयाचा माझा अभ्यास एकांगी आहे.

मग मी एक युक्ती केली. पुढच्या शनिवारी कपाटातली खुर्चीच उलटी फिरवली. तोंड मागच्या फळीकडे, म्हणजे चांगला कान आपोआप डाव्या खिडकीकडे. आत जागा एवढीशी, गुडघे छातीला लागलेले, समोर नाकाला टेकणारी फळी, आणि बाहेरच्यांना अर्ध्या दारावरून माझी पाठ. पहिल्या एक-दोघांना उत्तरं नेमकी मिळाली, आणि प्रायश्चित्तही. ते बाहेर पडले. थोडी कुजबुज झाली (असावी). फळीकडून मान वळवून बघतो तर सगळी रांग उठून उजव्या खिडकीशी गेलेली! एवढी एकजूट त्यांनी छपराच्या दुरुस्तीला दाखवली असती तर आज वेदीवर बादली ठेवावी लागली नसती.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं. मौनीचं मात्र नेता येईना. बाकीच्यांनी जाणूनबुजून बहिरा कान निवडला होता, त्यांचं ते आणि देव बघून घेतील. पण मौनी तर रस्ताभर सांगत होता, की फादरांनी ऐकून घेतलं. त्याचं सगळं नवं बोलणं, हसणं, रविवारी आत येऊन बसणं, हे माझ्या ऐकण्यावर उभं होतं आणि मी ऐकलंच नव्हतं. खरं सांगावं तर तो पुन्हा मिटणार, या खेपेस कायमचा. न सांगावं तर मी त्याला फसवत राहणार, आणि तो माझ्यासमोर हात पुढे करून ख्रिस्तप्रसाद घेत राहणार. सेमिनरीतल्या आमच्या जुन्या प्राध्यापकांना फोन केला. (नाव-गाव न सांगता, आणि उजव्या कानाला लावून.) मला वाटलं ग्रंथांतली चार वचनं देतील. ते म्हणाले, ‘देवाला तुझ्या कानाची गरज नव्हती, म्हणून त्या माणसाच्या क्षमेची चिंता करू नकोस. पण तू ऐकलंस असं तो समजतो, हे आता तुला माहीत आहे. उद्या गप्प बसलास तर ते बहिरेपण नव्हे.’ आणि फोन ठेवला. चांगले शिक्षक निवृत्त झाले तरी छळायचं सोडत नाहीत.

काही दिवस मी दाढी घरीच केली. मावशींनी माझ्या गालावरच्या चिकटपट्ट्या बघितल्या आणि म्हणाल्या, ‘समोर जायची लाज वाटतेय का?’ मग गेलो. दुपारची वेळ, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्याने गळ्याला कापड बांधलं, साबण फासला आणि मांजराची कथा सुरू केली. मी मनात वाक्यं जुळवत होतो. धड वाक्य जुळलं तेव्हा वस्तरा गळ्यावर होता. माणसाने कबुलीजबाब द्यायला याहून वाईट मुहूर्त निवडलेला मी ऐकला नाही.

म्हटलं, ‘त्या शनिवारी तू जे सांगितलंस, त्यातलं मला काही ऐकू आलं नाही. एक शब्दही नाही. माझा डावा कान गेलाय.’

वस्तरा थांबला. गळ्यावरच थांबला.

‘माहीत आहे,’ तो म्हणाला.

‘काय माहीत आहे?’

‘कान. डाव्या कानापाशी कैची वाजवली तर तुम्ही दचकत नाही. उजव्यापाशी वाजवली की खांदा उडतो. न्हाव्याला नाही कळणार तर कोणाला?’

‘मग रस्ताभर सांगत काय सुटलास, फादरांनी ऐकून घेतलं म्हणून?’

‘टोकलं नाही, असं सांगितलं. टोकलं का तुम्ही?’ वस्तरा पुन्हा चालू झाला. गळा संपवून हनुवटीवर आल्यावर तो म्हणाला, ‘तोंडातून निघतंय का, ते बघायचं होतं, फादर. ती गेल्यापासून आत अडकलं होतं. भिंतीपुढे बोललो असतो तर वेडा ठरलो असतो. तुम्ही बरे होतात.’

मी भिंतीच्या बरोबरीचा ठरलो हे कळल्यावर नेमकं काय वाटावं, हे शास्त्रात सांगितलेलं नाही. मी एवढंच विचारलं, ‘आणि आता?’

तो गप्प झाला. जुना मौनी परत आला, मला वाटलं, घालवलं मी सगळं. गाल पुसून झाले, कापड झटकून झालं, तरी बोलेना. दारापर्यंत मी पोचलो, तेव्हा मागून (उजवीकडून) म्हणाला, ‘बघू, फादर.’

शनिवारी मी खुर्ची सरळ लावून बसलो. डावीकडे नेहमीची रांग. मौनी आला तसा रांगेने त्याला पुढे जायला वाट दिली. तो वाटेतच थांबला, सगळ्यांसमोरून वळला आणि उजव्या खिडकीशी येऊन गुडघे टेकले. रांगेतून एक हुंकार निघाला म्हणे. मला अर्थातच ऐकू आला नाही. माझा चालता कान दुसरीकडे होता.

तो बोलला. मी ऐकलं. काय बोलला ते सांगता येत नाही, ते लहान होतं की मोठं हेही सांगता येत नाही, आणि मला काय वाटलं ते सांगितलं तर तू हुशार आहेस, उलट अनुमान काढशील. एवढंच लिहितो, की या खेपेस ‘धीर धरा, घरच्यांशी गोड बोला’ माझ्या तोंडातून निघालं नाही. शोधून शब्द आणावे लागले. बाहेर पडल्यावर तो चर्चमध्ये बराच वेळ बसून होता, आणि मी त्या वेळात आत बसून एकच प्रार्थना केली, की देवा, याची बडबड काढून घेऊ नकोस. दुसऱ्या सकाळी मिस्सेनंतर दुकानावरून गेलो. आतून आवाज येत होता. बेकरीवाल्याच्या मांजराला पिल्लं झाली होती आणि त्यांच्या बापाविषयी मौनीला दाट संशय होता. हल्ली तो मला खुर्चीत बसवतो, आधी खुर्ची गर्रकन फिरवून उजवा कान आपल्याकडे घेतो, आणि मगच तोंड उघडतो.

डावी खिडकी मी आता फळी ठोकून बंद केली आहे. काही जण नाराज होऊन पलीकडच्या पॅरिशमध्ये जाऊ लागले आहेत; तिथले वृद्ध फादर ऐकता ऐकता झोपतात अशी त्यांची ख्याती आहे. पण उजव्या खिडकीशी रांग लागू लागली आहे, हळूहळू, एकमेकांच्या पाठीमागे लपत. शनिवारी घरी येतो तेव्हा मी पार थकलेला असतो. मावशी म्हणतात, ‘आता कसं, काम केल्यासारखे दिसता.’ आम्ही आठवडाभर काय करतो, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात कुठेतरी आलं असावं.

दाजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद, आणि तुला अर्थातच सात अंगांनी.

तुझा,
इतरांचा फादर आणि तुझं मात्र शेंडेफळच

ता. क. दाजी ज्या कानाच्या डॉक्टरांकडे जातात त्यांची वेळ माझ्यासाठी घेशील का? दाजींना ते यंत्र चांगलं लागू पडलंय ना? (तू बोलायला लागलीस की ते काढून खिशात ठेवतात असं भाची म्हणत होती, पण तो यंत्राचा दोष नव्हे.) खरं तर हे पत्र एवढ्याचसाठी लिहायला घेतलं होतं.

ता. ता. क. नाही, एवढ्याचसाठी नाही. मागच्या खेपेस आलो होतो तेव्हा आपण दोघंच गच्चीवर बसलो होतो. तू माझ्या डावीकडे होतीस. समोर बघत तू पुष्कळ वेळ काहीतरी सांगत होतीस आणि मी मान हलवत होतो. शेवटी ‘हो ताई, तसंच कर’ असं म्हटल्याचंही मला आठवतं. मग तू डोळे पुसत उठलीस, समोर येऊन म्हणालीस, ‘तुला सांगून बरं वाटलं,’ आणि तेवढंच मला ऐकू आलं. काय करायला मी ‘कर’ म्हटलं, ताई? अजून केलं नसलंस तर जरा थांब. मी येतोय. या वेळी उजवीकडे बस, आणि पहिल्यापासून सांग.